वजीर जरा सरकून घ्या

कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या वस्तीवर वाऱ्यासोबत मळीचा वास येतो. गोडसर आणि थोडा कुजका. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आमच्या माणसांना तो वास आला की हुरूप येतो, हंगाम लागला म्हणतात आणि गाड्यांच्या चाकांना वंगण घालायला घेतात. माझं मात्र वेगळंच होतं. मळीचा वास आला की माझे कान वाजायला लागतात. किर्रर्र, मग थांबून पुन्हा किर्रर्र. आणि हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो. आता घरात पदर घ्यावा असं वडीलधारं कुणी उरलेलं नाही. मीच थोरली. तरी हात जातोच.

यंदा वास आला त्याच दिवशी पुण्याहून अनूचा, माझ्या लेकीचा, फोन आला. ती कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते आणि सध्या एक खेळ बनवते आहे. दोन माणसांनी दोन घरांत दोन कॉम्प्युटरवर बसून एकाच पटावर खेळायचं. मध्ये तिसरा मोठा कॉम्प्युटर ठेवायचा नाही, दोघांनी एकमेकांशी सरळ बोलायचं, ही तिची अट. ती वैतागली होती. म्हणाली, "आई, एकाकडं पट वेगळा दिसतो, दुसऱ्याकडं वेगळा. दोघांनाही वाटतं आपलाच बरोबर. मी रडायच्या बेतात आहे."

मी विचारलं, "मध्ये कुणाची सून आहे का?"

तिनं घाईनं फोन ठेवून दिला. आई म्हातारी होत चालली असं तिला वाटलं असावं. म्हणून तिला जे फोनवर सांगता आलं नाही ते इथे सांगते आहे. तिनं वाचलं तर वाचलं.

तेव्हा माझं लग्न नवं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरलेला, कृष्णेला पाणी होतं, आणि आमच्या शिवारात पुन्हा ऊस डोक्याच्या वर गेला होता. माझं माहेर साताऱ्याचं. तिथे आमच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसायचा. सासरी, सांगलीच्या अलीकडे या वस्तीवर, अंगणातून ऊस दिसायचा. मागच्या दारातून दिसायचा तोही ऊसच. थंडीच्या सकाळी पानांवरचं दव टपटपायचं आणि मला वाटायचं कुणीतरी आलं. कुणी यायचं नाही. यजमान पल्टणीत होते, लांब बर्फात. घरात मी, सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

मामंजी लष्कराच्या सिग्नल विभागातून सुभेदार होऊन परत आलेले. सगळी नोकरी त्यांनी वायरी ओढण्यात घालवली होती. त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्या कानानं ते ऐकून घेत नव्हते. त्यांचा सगळा राग एक्स्चेंजवर होता. लष्करात कुणालाही कुणाशी बोलायचं तर मध्ये एक्स्चेंजवर बसलेल्याची मर्जी लागायची, आणि तो चहा प्यायला गेला की युद्ध थांबायचं, असं ते सांगत. त्यांचं स्वप्न एकच. घर घराला सरळ जोडायचं. मध्ये साहेब नाही, हवालदार नाही.

आमच्या वस्तीवर तीन घरं. आमचं, बापूंचं आणि तात्यांचं. बापू थोरले, तात्या धाकटे, दोघं सख्खे भाऊ, मामंजींचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे. या दोन भावांत बांधावरून अबोला होता. थोरल्यानं नांगरताना बांध कोरला असं धाकटा म्हणायचा, आणि बांध पहिल्यापासून तिरकाच होता असं थोरला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा अबोला इतका जुना झालेला होता की घरातल्या जात्यासारखा त्याला सगळे वळसा घालून जायचे.

अडचण अशी की तात्यांचा ऊस होता बापूंच्या रानाच्या पलीकडे. बैलगाडीला दुसरी वाट नव्हती. त्या साली बापूंनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. आणि तात्यांच्या उसाला तोड आली. जतकडची ऊसतोड्यांची टोळी येऊन तात्यांच्या रानाकडेला पाचटाच्या खोपी घालून बसली होती. बैल रवंथ करत होते, कोयते धार लावून पडले होते. गाड्या निघणार नसतील तर तोडून उपयोग काय? टोळीचा मुकादम रोज येऊन बघायचा आणि मान हलवायचा. आणखी थोडे दिवस वाट बघून तो टोळी दुसऱ्या गावाला नेणार होता. मग तात्यांचा ऊस वाळत उभा राहिला असता, फुलावर आला असता, त्याचं सरपण झालं असतं. तात्या वाट मागायला जाणार नव्हते. मागितल्याशिवाय बापू देणार नव्हते.

अशा वेळी शहाण्या माणसानं दोघांना बोलावून समोर बसवलं असतं. मामंजींनी वायर ओढली.

लष्कराच्या लिलावातले तीन जुने टेलिफोन त्यांनी कुठूनतरी मिळवले. हिरव्या रंगाची जड खोकी, बाजूला फिरवायचं हँडल; ज्या घराशी बोलायचं त्याची कळ ओढून ते फिरवलं की तिकडे किर्रर्र वाजायचं. परवानगी वगैरे विचारायची पद्धत वस्तीवर नव्हती. आमच्या घरून बापूंकडे एक वायर गेली, आमच्या घरून तात्यांकडे एक, आणि बापूंकडून तात्यांकडे सरळ एक. ही तिसरी वायर ओढताना मामंजींचे डोळे चमकत होते. बाभळीवरून, शेवग्यावरून, उसाच्या सरीतून काठ्या रोवत ते गेले. "तिघं सारखे," मला म्हणाले. "कुनी कुनाचा साहेब न्हाई."

दोन्ही भाऊ लहानपणी बुद्धिबळ खेळायचे, एकमेकांशिवाय दुसऱ्या कुणाशी खेळायचे नाहीत. मामंजींनी दोघांकडे स्वतंत्र जाऊन डाव मांडून दिला. आणि बापूंच्या तोंडून कसं कोण जाणे काढून घेतलं की तात्या जिंकला तर हंगामभर वाट त्याची. हरला तर त्यानं उसाच्या मोळ्या डोक्यावरून न्याव्यात. वाट मागायची नाही, द्यायची नाही, डावात जिंकायची. यात दोघांचीही मान खाली जात नव्हती. मामंजींना हे सुचलं याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढचं सगळं मात्र त्यांनी माझ्यावर टाकलं आणि स्वतः रानात पाणी धरायला निघून गेले, त्याचं अजिबात वाटत नाही.

कारण झालं असं, की ती सरळ वायर कुणी वापरेचना. दोघांत अबोला होता ना. बापू हँडल फिरवायचे आमच्या घराचं. तात्याही आमच्याच घराचं. ज्या एक्स्चेंजवर मामंजींनी आयुष्यभर दात खाल्ले ते एक्स्चेंज त्यांच्याच घरात, चुलीशेजारी, नऊवारी नेसून भाकऱ्या थापत बसलं होतं. ते म्हणजे मी. आणि ज्या एका माणसाशी मला फोनवर बोलायचं होतं त्याच्यापर्यंत कुठलीच वायर पोचत नव्हती.

पहिली खोडी लगेच निघाली. मामंजींनी पटाच्या ओळींना आकडे दिले होते, पण मोजायचं कुठून ते सांगायचं राहिलं. दोघांनीही आपापल्या मांडीपासून मोजलं. तात्यांचं प्यादं पुढं गेलं की बापूंच्या घरी ते मागं जायचं. मामंजींनी हुकूम काढला, दोघांनी नदीकडून मोजायचं. मग बरं चाललं. दुसरी खोडी कोल्ह्यांची. ऊस खायला येणारे कोल्हे वायरही चावून बघायचे, मग दुपारभर लाईन मुकी. म्हणून मामंजींनी पोच द्यायची पद्धत लावली. मी चाल सांगितली की ऐकणाऱ्यानं ती परत म्हणून दाखवायची आणि शेवटी म्हणायचं, पोच. बापू पोच अशी म्हणायचे जशी काही मी त्यांच्याकडून उसना विळा नेला होता.

पुढच्या फोनवर अनूला मी यातलं पोचेपुरतं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, हे अगदी असंच असतं, आम्हीही पोच घेतो. तिला कोण आनंद झाला. मला झाला नाही. तिची पोच यंत्र यंत्राला देतं. माझ्या पोचेपायी भाकरी करपायची.

कारण प्रत्येक चालीला मी उठायची. हात पिठाचे. पदर डोक्यावर सारखा करायचा, मग हँडल, मग फोन कानाला. हो, फोनवर बोलतानाही मी पदर घ्यायची. बापू आणि तात्या माझे सासरे लागत होते. एरवी मी त्यांच्यासमोर उभीसुद्धा राहात नसे, काही सांगायचं तर आत्याबाईंच्या आडून सांगायची. आता दिवसातून कितीदा तरी त्यांच्या थेट कानात बोलत होते, आणि तेही मध्ये कुणी नसताना. आत्याबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्या लसूण सोलत भिंतीला सांगायच्या की आमच्या वेळी सुना चुलीशी असायच्या, आता तारेला लोंबकळत्यात.

खरी खोडी इथेच होती. चाल सांगणं वेगळं आणि मोठ्या माणसाशी बोलणं वेगळं. दोन्ही भाऊ एकमेकांना निरोप द्यायचे ते ऐकण्यासारखे नसायचे. बापू म्हणायचे, त्या रडतोंड्याला सांग, उंट मारला तुजा, आता बस बोंबलत. हे मी तात्यांना कसं सांगायचं? मी सांगायची, थोरल्या मामंजींनी हत्ती अमुक घरात आणलाय आणि तुमचा उंट त्यांच्याकडे आलाय. तात्यांचा निरोप यायचा, म्हाताऱ्याला म्हनावं डोळ्यांस्नी चष्मा लाव. मी बापूंना सांगायची, तब्येत विचारलीय. बापू त्यावरही नुसते पोच म्हणायचे. एकदा मात्र घसा खाकरून म्हणाले, बरी हाय म्हनावं. तो निरोप मी तात्यांना दिला, तर तात्यांनी विचारलं की याला कुनी इचारलं. तो मी परत नेला नाही.

दिवस असे चालले होते. टोळीची पोरं रिकामी म्हणून आमच्या चिंचेखाली खेळायची. मुकादम रोज जास्त वेळ उभा राहायचा. तात्यांच्या उसाला तुरे यायला लागले होते, पांढरे, लांबून सुंदर दिसणारे. ते तुरे बघून तात्या चाली घाईनं करू लागले आणि बापू सावकाश.

मग ती दुपार. तात्यांचा फोन आला. आवाज चढलेला, आनंदाचा. त्यांच्या घोड्यानं बापूंचा वजीर मारला होता. डावच फिरला होता. मला म्हणाले, "सांग त्याला, वजीर ग्येला तुजा. मेला म्हनावं."

मी पदर सावरला आणि बापूंचं हँडल फिरवलं. पदरात हात गुंडाळून उभी राहिले. सांगितलं, तात्यांचा घोडा, अमुक ओळ, अमुक घर. बापूंनी पोच दिली आणि मग थांबून म्हणाले की त्या घरात तर माझा वजीर हाय, दोगं एका घरात कसं ऱ्हातील. आता "मेला" हा शब्द सासऱ्यांना उद्देशून तोंडातून काढायचा होता. निघेना. माझ्या डोक्यात त्या घटकेला सत्यनारायणाची पंगत आली, एस.टी.ची बाकं आली, देवळातली गर्दी आली. मी म्हणाले, "ते म्हणतायत, वजीर जरा सरकून घ्या."

तारेत नुसती खरखर. मला वाटलं कोल्हा लागला.

मग बापू म्हणाले, "म्हंजे मारला न्हाई त्यानं?"

मी काहीतरी हूं केलं. बापूंनी पोच न देताच फोन ठेवला. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चाल आली ती शिवीशिवाय आली. नुसती चाल, आणि शेवटी, टोळीच्या बैलांस्नी वैरण हाय का इचार. मला वाटलं मी फार चांगलं केलं. माझं मलाच कौतुक वाटलं. दोन भावांच्या मध्ये एवढी गोड सून बसलेली, अजून काय पाहिजे! वैरणीचा निरोप तात्यांना दिला तर ते म्हणाले, हाय म्हनावं, आन मीबी त्येला इचारलंय म्हनून सांग.

अनू म्हणते, मधल्यानं शहाणपणा करायचा नसतो. जे येईल ते तसंच्या तसं पुढं द्यायचं, त्यात साखर घालायची नाही. हे तिला कॉलेजात शिकवतात, त्याची फी भरतो आम्ही. मला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं की मोठ्यांशी जपून बोलावं. त्या शिकवणीवर मी बापूंच्या मेलेल्या वजिराला जिवंत ठेवलं आणि तो वजीर बापूंच्या पटावर सरकून बसून राहिला, तात्यांच्या घरी त्याचं तेरावं होऊन गेलं तरी.

हे कळलं ते त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर. बापूंनी चाल सांगितली, वजिरानं शह. मी तात्यांना फोन लावून तसंच सांगितलं, कारण शह हा शब्द मला बोलता येत होता. तात्या म्हणाले, कुठला वजीर? त्याचा वजीर तर माज्या बंडीच्या खिशात हाय. मी म्हणाले, त्यांच्याकडं तो पटावर आहे. तात्यांनी फोन आपटला. मी बापूंना लावला आणि खिशाचं सांगितलं. त्यांनीही आपटला. मग मी चुलीपुढं बसले आणि मला रडू यायला लागलं. आत्याबाईंनी लसणाची सुपली बाजूला सारली आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

थोड्या वेळानं उसाच्या दोन सऱ्यांतून दोन माणसं आमच्या घराकडे येताना दिसली. तात्या बियाण्याच्या पेटीचं झाकण घेऊन, त्यावर त्यांचा पट. बापू परातीत पट ठेवून, दोन्ही हातांनी धरून, देवाचा नैवेद्य आणावा तसे पाऊल मोजून टाकत. सोप्यावर पोचेपर्यंत बापूंच्या सोंगट्या निम्म्याअधिक आडव्या झाल्या होत्या. पुरावाच उरला नाही. मामंजी रानातून धावत आले होते, पायाला चिखल. दोन्ही भाऊ समोरासमोर उभे राहिले. मी दाराआड.

एकमेकांशी बोलायचं नव्हतं म्हणून ते मामंजींना सांगू लागले. तात्या म्हणाले, सुभेदार, त्याला म्हनावं खोटं खेळतोय. बापू म्हणाले, त्याला इचार, सरक म्हनून सांगितलं का न्हाई. मामंजी मध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. एका कानानं ऐकू येत नसल्यामुळे एकाचंच अर्धं त्यांना कळत होतं. शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं की घोळ कुठे झाला. दोघांचेही डोळे दाराकडे वळले. पण चुलत सासऱ्यानं सुनेला तोंडावर बोलायचं नसतं, म्हणून दोघंही मामंजींवर तुटून पडले. अशी सून बसवतात का लाईनीवर? एका बोलाचे दोन करती. हिला पल्टणीत ठेवली असती तर शत्रूला चहा पाजून आली असती. मी दाराआड मोजत होते, बापूंचं वाक्य तात्या पुरं करत होते आणि तात्यांचं बापू. कित्येक वर्षांत त्या दोघांचं एकमत झालं ते माझ्याबद्दल.

मग दोघांचेही शब्द संपले. आणि तात्या सरळ बापूंकडे बघून म्हणाले, "मी कशाला सोडू तुझा वजीर? माझा ऊस उभा हाय तिकडं."

बापू परातीकडे बघत होते. म्हणाले, "मला वाटलं सोडलास."

बाहेर चिंचेखाली टोळीची पोरं ओरडत होती. तात्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, वजीर बाहेर काढला आणि बापूंच्या परातीत ठेवला. "घे. सोडला म्हन."

बापूंनी तो उचलला, बघितला आणि परत तात्यांच्या झाकणावर ठेवला. "भीक नगं. डाव इस्कटला. नव्यानं मांडू." मग घसा खाकरून, मामंजींकडे अजिबात न बघता, तात्यांनाच म्हणाले, "टोळी बसलीया तुझी. गाड्या काढ आधी. मग मांडू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बापूंचा गडी काट्या ओढून बाजूला करत होता. तात्यांच्या रानात कोयते चालू झाले, तो सपसप आवाज दव पडलेल्या हवेत आमच्या चुलीपर्यंत येत होता. पहिली गाडी गच्च भरून बापूंच्या रानातून निघाली तेव्हा चाकाखाली मऊ माती दबत होती आणि मागे उसाच्या शेंड्यांचा हिरवा चुरा पडत होता. बापू बांधावर उभे राहून गाडीवानाला ओरडत होते की डावीकडनं घे, डावीकडनं, माझं रान हाय त्ये. तात्या त्यांच्या शेजारी उभे होते. बांध तिरका आहे का सरळ, हे त्या दोघांत चालू झालं होतं आणि त्या हंगामात ते संपणार नव्हतं.

मी दिवसभर भाकऱ्या केल्या. एकही करपली नाही. हिरवं खोकं गप्प पडून होतं. दुपारी मामंजी रानातून आले, हात धुतले आणि त्या खोक्यासमोर बसले. मग त्यांनी तात्यांचं हँडल फिरवलं. तात्यांच्या घरातल्या बाईमाणसानं उचललं आणि सांगितलं की ते बापूंकडं गेल्यात, सकाळधरनं. मामंजींनी बापूंचं फिरवलं. तिथं कुणी उचलेना. पुन्हा फिरवलं. घंटी वाजत होती, उसापलीकडून ती आम्हाला नुसत्या कानांनीही बारीक ऐकू येत होती, आणि तिच्याहून मोठा, बांधाकडून येणारा, दोन माणसांचा वाद घालण्याचा आवाज.

मामंजींनी फोन जागेवर ठेवला. चांगला कान माझ्याकडे वळवला, जणू मीच काही विचारलं होतं.

"लाईन चांगली हाय, पोरी," ते म्हणाले. "घरात कुनी न्हाई, एवढंच."